वर्गणी की भाडे?

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. गेले काही महिने ही म्हण आमच्या मनात घोळत आहे. कारण एका तरुणाने आमच्यापुढे जो प्रश्न ठेवला, त्यात सोंगही होते आणि पैसाही.

गेल्या उपवासकाळाच्या तोंडावरची गोष्ट. सायंकाळचे मिस्साबलिदान आटोपून आम्ही मंदिराच्या मागच्या खोलीत वस्त्रे उतरवीत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक तरुण दारात येऊन उभा राहिला. चंद्रपूरजवळच्या एका कोळसा खाणीवर कंत्राटदाराकडे तो हिशेबनीस आहे. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. घरी आई आणि तो, अशी दोनच माणसे. त्याच्या हातात वहीचा फाडलेला कागद होता आणि कागदाच्या मधोमध उभी रेघ ओढलेली होती. "फादर," तो म्हणाला, "मी संगणकावर एक खेळ खेळतो. त्याला दरमहा तेराशे रुपये वर्गणी पडते. तीन वर्षे भरतो आहे. हे पाप आहे का, असे मी विचारीत नाही. परवडते का, असेही विचारीत नाही, परवडते. पण तेवढ्या मोलाचे ते आहे का, एवढेच मला ठरवता येत नाही."

आम्ही उत्तर द्यायला फार वेळ घेतला नाही, आणि तेथेच चुकलो. आम्ही त्याला मजुरीचा हिशेब ऐकविला. २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे एटापल्लीच्या किंवा धानोऱ्याच्या मजुराने चार दिवसांहून अधिक उन्हात माती उचलावी, तेव्हा कोठे याची महिन्याची वर्गणी निघणार! तरुणाने ऐकून घेतले, कागदाची घडी केली, "बरोबर आहे, फादर," म्हणाला आणि निघून गेला.

रात्री अंथरुणावर पडल्यावर आम्हाला बेथानी गावचे ते जेवण आठवले. मरियेने मोलाचे सुगंधी तेल प्रभूच्या पायांवर ओतले, तेव्हा ते तीनशे दिनारांना विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत, असा सवाल करणारा कोण होता, हे योहानाच्या शुभवर्तमानात नमूद आहे. गरिबांचा हिशेब खोटा नव्हता; पण तो मांडणाऱ्याला गरिबांची आच नव्हती, तोंड बंद करण्याची घाई होती. आमचेही तेच झाले होते. त्या हिशेबाने पाहू गेले तर जगातली कोणतीच आनंदाची वस्तू टिकत नाही. नाताळचा गोठा टिकत नाही, लग्नाचा बँड टिकत नाही, आणि ज्या त्रैमासिकात आपण हा लेख वाचीत आहात त्याची वर्गणीही टिकत नाही.

दोन दिवसांनी त्या तरुणाची आई भेटली. तिने आपण होऊन दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की, नवरा गेल्यापासून घरात हसण्याचा आवाज येतो तो फक्त मुलाच्या खोलीतून, रात्री नऊनंतर, तो त्या खेळातल्या सोबत्यांशी बोलत असतो तेव्हा. दुसरी अशी की, पावसाळ्यात तिला ताप भरला होता, तिने दोनदा हाक मारली आणि मुलाला ती ऐकू आली नाही. कानांवर हेडफोन होते. तिसऱ्या हाकेला तो धावत आला. "आता यातले कोणते खरे धरायचे, फादर?" तिने विचारले. दोन्ही खरे होते. हा लेख आम्ही लिहायला घेतला तो या दोन सत्यांमुळे.

ज्या वाचकांना हा प्रकार अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. हा पत्त्यांसारखा किंवा बुद्धिबळासारखा डाव नव्हे. संगणकाच्या पडद्यावर एक अख्खा कल्पित मुलूख उभा केलेला असतो. डोंगर, बंदरे, बाजार, राजवाडे सर्व काही. एकाच वेळी हजारो माणसे आपापल्या घरून त्यात उतरतात. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी जखमा बऱ्या करणारा वैद्य. मग वीस-वीस जणांचे चमू करून, ठरल्या वेळी जमून, मोठमोठ्या मोहिमा काढायच्या. १९९७ साली 'अल्टिमा ऑनलाइन' नावाच्या खेळाने या प्रकाराला मोठा लौकिक मिळवून दिला. २००४ च्या नोव्हेंबरात 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि २०१० साली त्याच्या वर्गणीदारांची संख्या एक कोटी वीस लाखांवर गेली. अमेरिकेत त्याची महिन्याची वर्गणी पंधरा डॉलरच्या घरात ठेवण्यात आली. या खेळांना शेवट नसतो. चालक कंपनी नवेनवे प्रदेश जोडीत राहते. वर्गणी थांबली की दार बंद होते. घेतलेले सोंग, जमविलेली शस्त्रे आणि मानमरातब सारे दाराच्या आत राहते.

येथे एक गोष्ट न्यायाने कबूल केली पाहिजे. वर्गणी घेणारा खेळ हा फुकट म्हणविणाऱ्या खेळांपेक्षा पुष्कळदा अधिक सरळ असतो. मोबाइलवरचे अनेक खेळ दारात काही मागत नाहीत. आत गेल्यावर मागतात. थोडे भरा म्हणजे लवकर पुढे जाल, आणखी थोडे भरा म्हणजे पेटी उघडेल, पेटीत काय निघेल ते नशीब. बहुसंख्य लोक काहीच भरीत नाहीत आणि ज्यांना स्वतःला आवरता येत नाही अशा मूठभरांच्या खिशातून बरीचशी मिळकत निघते. दुबळ्याच्या दुबळेपणावर उभा राहिलेला हा धंदा आहे. त्या मानाने श्रीमंताला आणि गरिबाला, संयमी माणसाला आणि अधीर माणसाला एकच दर सांगणारा दुकानदार बरा. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात आपल्या संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा केला, त्यातही हा भेद दिसतो. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ त्याने निषिद्ध ठरविले. परंतु निव्वळ करमणुकीच्या खेळासाठी प्रवेशाची वर्गणी घेण्यास, ती रक्कम पणाला लावलेली नसेल तर, मुभा दिली.

म्हणजे कायद्याने आपल्यापुरते उत्तर दिले आहे. पण कायद्याचे उत्तर कोठे संपते हे आम्हा चंद्रपूर-गडचिरोलीकरांना कोणी शिकवायला नको. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी लागू झाली. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठविण्यात आली. दोन्ही जिल्ह्यांतल्या आयाबहिणींनी त्या बंदीसाठी जे कष्ट घेतले त्यांना आमचा प्रणाम आहे. तरीही बंदी असताना पिणारे पीत होते आणि बंदी उठल्यावर न पिणारे पिऊ लागले नाहीत. कायदा दुकान बंद करतो. हात मागे घेण्याचे काम ज्याचे त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीला करावे लागते.

मग त्या सद्सद्विवेकबुद्धीला ख्रिस्तसभेच्या परंपरेत काय आधार सापडतो? अनेक भाविकांची अशी समजूत असते की, खेळ म्हणजे लहान मुलांपुरती दिलेली सवलत. मोठ्या माणसाने खेळणे हा वेळेचा अपव्यय. सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्विनास वाचू लागलो, तेव्हा या समजुतीला पहिला धक्का बसला. 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात, १६८ व्या प्रश्नात, खेळामध्ये काही सद्गुण असू शकतो काय, असा सवाल संत थॉमस करतात आणि असू शकतो, असे उत्तर देतात. शरीर श्रमाने थकते तसे मन विचाराने थकते, आणि मनाची विश्रांती आनंदात असते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्यासाठी ते संत योहानाची एक जुनी कथा सांगतात. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत असलेला पाहून काही लोक बिचकले. तेव्हा योहानाने त्यांच्यातल्या एका धनुर्धाऱ्याला बाण सोडावयास सांगितले, पुन्हा सोडावयास सांगितले आणि मग विचारले, असे सतत करता येईल काय? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे योहानाने सुचविले. धनुष्य म्हणजे काय हे आमच्या जंगलपट्टीत फोड करून सांगावे लागत नाही. ही कथा आम्ही भामरागडकडच्या खेड्यात सांगितली तेव्हा श्रोत्यांनी शेवट आमच्या आधी ओळखला.

संत थॉमस एवढ्यावर थांबत नाहीत. पुढच्याच परिच्छेदांत खेळाच्या अतिरेकाला ते दोष म्हणतात. आणि ज्याला खेळताच येत नाही, जो दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालतो, त्यालाही दोषीच म्हणतात. आम्ही त्या सायंकाळी त्या तरुणाच्या कागदाला जे उत्तर दिले, ते या दुसऱ्या दोषात मोडते, हे येथे नम्रपणे नोंदवून ठेवतो.

खेळ निर्दोष आहे, एवढे ठरले तरी मोलाचा प्रश्न उरतोच. या बाबतीत आम्हाला मार्ग दाखविला तो एका साध्या मराठी शब्दाने. तो तरुण 'वर्गणी' म्हणाला होता. वर्गणी म्हणजे काय? गावात सण असला की घरोघर वर्गणी काढतात. मंदिराचे छप्पर गळू लागले की वर्गणी गोळा होते. वर्गणी देणारा त्या कामाचा वाटेकरी होतो. मंडपात त्याला आपले म्हणून बसता येते, हिशेब मागता येतो आणि एखाद्या वर्षी त्याला देणे जमले नाही तर गाव त्याला मंडपाबाहेर काढीत नाही. याच्या शेजारी 'भाडे' हा शब्द ठेवून पाहावा. भाडे देणाऱ्याला जागा वापरता येते. जागा त्याची होत नाही. वीस वर्षे भाडे भरले आणि एकविसाव्या वर्षी थकले, तर सामान रस्त्यावर येते. दोन्हींत पैसा दिला जातो, पण एकात माणूस जोडला जातो आणि दुसऱ्यात फक्त जागा.

आता हे खेळ यांपैकी कशात बसतात? कागदोपत्री ते सरळ भाडे आहे. 'सिटी ऑफ हीरोज' नावाचा असाच एक खेळ २००४ साली सुरू झाला. माणसे वर्षानुवर्षे त्यात वावरली. ३० नोव्हेंबर २०१२ रोजी चालक कंपनीने तो बंद केला आणि एक अख्खे नगर नाहीसे झाले. तेथे राहणाऱ्यांनी विनवण्या केल्या. पण जागा त्यांची नव्हती. वर्गणीदाराला मंडपाचा हिशेब मागण्याचा जो हक्क असतो, तो भाडेकरूला नसतो.

परंतु एखादी गोष्ट कागदावर भाडे असूनही माणसांच्या हातून वर्गणी होऊ शकते. याचे एक उदाहरण आमच्या उंबरठ्यावरच आहे. झाडीपट्टीची रंगभूमी वाचकांना ठाऊक असेल. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखात पीक घरात आले की दिवाळीपासून पुढे काही महिने गावोगाव नाटके होतात. वडसा हे नाटक मंडळ्यांचे मोठे केंद्र. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत नाटक रंगते. तिकीट काढावे लागते. व्यवहार म्हणून पाहिले तर हे एका रात्रीचे भाडेच की! पण त्या निमित्ताने घरोघरी पाहुणे येतात, सासरच्या लेकी माहेरी येतात, सोयरिकींची बोलणी होतात. गावाला नाटकाचे निमित्त असते. नाटकाच्या मांडवात गाव एकमेकांना भेटत असतो. सोंग घेणाऱ्याचेही तसेच. गडचिरोली जिल्ह्यातील डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी पाच हजारांहून अधिक प्रयोगांत सुमारे ८०० भूमिका केल्याचे सांगण्यात आले. इतकी सोंगे घेऊन जो माणूस दर सकाळी रंग पुसून आपल्या माणसांत परत येतो, त्याच्या सोंगांना आपण मान देतो तो उगाच नव्हे.

पडद्यावरच्या त्या कल्पित मुलखातही असे घडू शकते काय? नॉर्वे देशातील मॅट्स स्टेन या तरुणाची हकिगत येथे सांगण्याजोगी आहे. त्याला स्नायू झिजत जाण्याचा असाध्य विकार होता. चालणे गेले, हात गेले, शेवटी बोटांची थोडीशी हालचाल उरली. आयुष्याची अखेरची दहाएक वर्षे त्याने 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये पंधरा ते वीस हजार तास घालविले. आईवडिलांना वाटे, आपला मुलगा एकाकी जगला, त्याला मैत्री लाभली नाही, त्याच्या असण्याने कोणाच्या आयुष्यात काही फरक पडला नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात, पंचविसाव्या वर्षी तो वारला. वडिलांनी त्याच्या मृत्यूची वार्ता इंटरनेटवर त्याच्या लिखाणाच्या पानावर दिली आणि देशोदेशींहून पत्रे येऊ लागली. 'इबेलिन' या सोंगाच्या नावाने तो ज्यांच्यात वावरला होता, ती माणसे लिहीत होती. एका आईचा मुलगा स्वमग्न होता. त्याच्याशी नाते कसे जोडावे हे तिला उमगत नव्हते. खेळातच मुलाला भेटून पाहा, असे याने तिला सुचविले होते. आणखी कोणाला त्याने खचल्या वेळी धीर दिला होता. त्याच्या दफनविधीला युरोपातील निरनिराळ्या देशांतून ही मंडळी आली. २०२४ साली त्याच्यावर निघालेला माहितीपट जगभर पाहिला गेला.

त्या आईवडिलांनी मुलासाठी जे पैसे दरमहा भरले, ते भाडे होते की वर्गणी? आम्हाला तर ती वर्गणी वाटते. त्यांच्या मुलाने त्या भाड्याच्या जागेत मंडप उभारला होता.

तरीही मॅट्सच्या कथेच्या आड लपणे आपल्याला शोभणार नाही. त्याच्यापुढे दुसरे दार उघडे नव्हते. ज्याचे पाय धड आहेत, ज्याच्या शेजारच्या खोलीत आई तापाने फणफणली आहे, त्याची गोष्ट निराळी. संत ऑगस्टीन आपल्या 'कबुलीजबाबा'च्या तिसऱ्या खंडात तारुण्यातल्या नाट्यवेडाविषयी लिहितात, तेव्हा त्यांना एका गोष्टीचे नवल वाटते. रंगमंचावरच्या कल्पित दुःखाने प्रेक्षक रडतो, पण त्या दुःखितासाठी उठून काही करावे, असे त्याला कोणी सांगत नाही. दया उमाळून येते आणि तशीच जिरून जाते. ऑगस्टीनची ही शंका या खेळांच्या बाबतीत अधिक बोचक होते. येथे मनुष्य नुसता पाहत नाही, धावून जातो. वैद्याचे सोंग घेतलेला तरुण रात्रभर सोबत्यांच्या जखमा भरतो, कोणाला पडू देत नाही, त्याचे कौतुक होते. आणि भिंतीपलीकडून आलेली हाक त्याला दोनदा ऐकू जात नाही. मदतीची सगळी तहान तेथेच भागली, तर घरासाठी काय उरले?

येथे रुपयांचा हिशेब सोडून दुसरा हिशेब सुरू होतो. दरमहा वर्गणी भरण्यात एक सूक्ष्म सापळा आहे. पैसे भरलेच आहेत, तर खेळले पाहिजे, नाहीतर वाया जातील, असे मन म्हणू लागते. विश्रांतीसाठी घेतलेली वस्तू कामाचा तगादा लावते. त्यात मोहिमेची वेळ ठरलेली असते. एक जण आला नाही तर एकोणीस जण खोळंबतात. मग भल्या माणसाचा भलेपणाच त्याला बांधून ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून अमलात आलेल्या रोगांच्या वर्गीकरणात खेळाच्या व्यसनाला विकार म्हणून स्थान दिले. स्वतःवरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे, ही त्याची लक्षणे. आणि सामान्यतः ती वर्षभर दिसलेली असावीत, अशी अट आहे. दोनदा हाक न ऐकणे हा काही विकार नव्हे. पण विकार नाही एवढ्यावरून सारे ठीक आहे, असेही होत नाही.

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ज्याला संतपद बहाल केले, तो कार्लो अकुतिस हा संगणकावर प्रेम करणारा मुलगा होता. पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने तो गेला. त्याच्याजवळ खेळाचे यंत्र होते आणि त्यावर आठवड्यातून एकच तास खेळायचे, असे त्याने स्वतःशी ठरविले होते, असे सांगतात. आपल्या बालवर्गांत हे उदाहरण आता वारंवार दिले जाते. पण देताना 'एक तास' या शब्दांवर भर दिला जातो. आमच्या मते भर 'स्वतःशी ठरविले' यावर हवा. तास कोणाचा एक असेल, कोणाचा सहा. यंत्राने किंवा कंपनीने ठरविलेल्या वेळेला तो खेळत नव्हता, यात त्याचे मोठेपण आहे.

मग ठरवावे कसे? मनोरा बांधू इच्छिणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, असे प्रभू येशू लूकच्या शुभवर्तमानात सांगतात. त्या दाखल्यात 'बसून' या शब्दाला मोल आहे. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) नावाचे गोंड वस्तीचे गाव आहे. २०११ साली आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा अधिकार त्या गावच्या ग्रामसभेने मिळविला, म्हणून त्याचे नाव देशभर झाले. पण त्या गावाची खरी थोरवी निर्णय घेण्याच्या रीतीत आहे. तेथे बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो; आणि त्याआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घेतला जातो. एकाचाही विरोध असेल तर बोलणे पुन्हा सुरू होते. वेळ लागतो खरा, पण झालेला निर्णय कोणाच्या डोक्यावर आदळत नाही. जे गाव जंगलासाठी एवढे बसते, त्याच्याकडून एका घराने दोन माणसांसाठी बसायला शिकावे.

आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो. आधीचे उत्तर मागे घेतो, असे त्याला सांगितले आणि आईसमोर त्याच्या कागदावर तिघेही बसलो. 'खेळावे' आणि 'खेळू नये' अशी दोन घरे त्याने आखली होती. आम्ही 'वर्गणी' आणि 'भाडे' अशी दोन नावे घालून पाहिली. तू चार आठवडे दिसला नाहीस तर तेथे कोण विचारील? खेळून उठल्यावर तू आईशी अधिक मोकळा बोलतोस की कमी? पैसे भरले असूनही एखाद्या सायंकाळी तुला सहज न खेळता राहता येते काय? त्याला उत्तरे देता आली नाहीत. तेव्हा असे ठरले की, उपवासकाळभर त्याने वर्गणी भरावी, पण खेळू नये. पैसे वाया जातील, अशी कुरकुर त्याने केली. वाया जाऊ द्यावेत, असे त्याची आई म्हणाली. वाया गेलेले पैसे काय सांगतात तेही ऐकू.

त्या आठवड्यांत मायलेक ब्रह्मपुरीकडच्या एका गावी नाटकाला जाऊन आले. दुसऱ्या अंकात आई झोपी गेली आणि गाणी फार झाली, अशी मुलाची तक्रार होती. सगळे काही आमच्या निबंधाला सोयीचे घडले, असा दावा आम्ही करीत नाही.

पुनरुत्थान सणाच्या सायंकाळी तो पुन्हा मंदिराच्या मागच्या खोलीच्या दारात आला. कागद तोच होता. एकोणीस सोबत्यांपैकी तिघांनी त्याची विचारपूस केली होती. बाकीच्यांनी त्याच्या जागी दुसरा वैद्य घेतला. तिघांपैकी एक इंदूरचा शिक्षक. आईचा गुडघा कसा आहे, असे त्याने विचारले होते, कारण वर्षापूर्वी केव्हातरी हा त्याला गुडघ्याविषयी बोलला होता. आता तिघांचेही दूरध्वनी क्रमांक याच्यापाशी आहेत. "फादर," तो म्हणाला, "सोळा जणांपुरते ते भाडेच होते. पण या तिघांची गाठ त्या सोळांच्या गर्दीतच पडली. मग आता वर्गणी बंद करू की ठेवू?"

या वेळी आम्ही उत्तर द्यायची घाई केली नाही. त्याने आईशी बोलून स्वतःच ठरविले आहे. वर्षाचे पैसे एकदम भरावयाचे नाहीत. महिन्याचे भरावयाचे, म्हणजे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तो कागद पुन्हा उघडता येतो. भाविक माणूस रात्री झोपण्यापूर्वी आत्मपरीक्षण करतो, तसे हे महिन्याचे आत्मपरीक्षण झाले. फुकटच्या खेळात ही संधी कोणी देत नाही, कारण तेथे पहिली तारीख कधी येतच नाही. मोहिमेच्या रात्री आठवड्यातून दोनच. आणि आईची एक अट आहे.

परवा आजारी शेजाऱ्याला प्रसाद देऊन येताना आम्ही त्यांच्याकडे डोकावलो. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. आई पडवीत लसूण सोलीत बसली होती, आतून हसण्याचा आवाज येत होता. आम्ही दारातून पाहिले. तरुणाचे लक्ष पडद्यावर होते, हात भराभर चालत होते, आणि हेडफोनचा एक कप त्याने कानावरून मागे सारून ठेवला होता. पडवीकडचा कान उघडा होता.